डब्बा टीव्ही एवढा जड का असतो? आणि तो उचलायचा कसा?

ज्यांनी कानात हेडफोन घातलेत त्यांच्यासाठी ऑडिओ वर आहेच. ज्यांचा आजचा डेटा संपलाय, किंवा जे गाडीत गर्दीत उभे आहेत, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

आजचा विषय तुमच्यापैकी अर्ध्यांच्या घरात माळ्यावर किंवा पलंगाखाली पडून असेल. जुना डब्बा टीव्ही. पाठीमागे कुबड असलेला, चालू केला की "ठण्ण" आवाज करणारा. हा विषय का घेतला, तर त्याच्यामुळे गेल्या दिवाळीत माझे वडील दोन आठवडे अंथरुणाला खिळून होते. चूक टीव्हीची नव्हती, माझी होती.

झालं काय

आमचं गाव पोखर्णी. नृसिंहाचं पोखर्णी म्हणतात ते. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेवर आमचं स्टेशन लागतं. गावात आमचं जुनं माळवदाचं घर होतं. मातीच्या जाड भिंती, बुटकं दार, आणि पाय अडखळेल एवढा उंच उंबरा. ते पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून सामान हलवायला गेलो. सगळं सामान गल्लीपलीकडे काकांच्या घरी न्यायचं होतं.

कोठीतली पोती गेली, कपाट गेलं, शेवटी राहिला टीव्ही. २१ इंची, रंगीत, २००३ सालचा. घेतला तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो परभणीहून काळी-पिवळीतून आणला होता. ड्रायव्हर म्हणाला टपावर बांधू, तर नाना म्हणाले, "टपावर नको, मांडीवर धरतो." आणि पोखर्णीपर्यंत खोकं मांडीवर धरून आले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालीये की ती मला पाठ आहे.

नानांच्या मणक्यात गॅप आहे. दोन वर्षांपासून पट्टा बांधून असतात. म्हणून मी म्हटलं, "नाना, तुम्ही बसा. मी उचलतो." आता मी बी.टेक., रोज जिमला जाणारा माणूस. टीव्हीची पाठ निमुळती असते, ती मिठीत बरोबर बसेल असं वाटलं. म्हणून पाठ माझ्या छातीकडे, काच बाहेरच्या बाजूला, असा उचलला.

तीन पावलं गेलो आणि कळलं, हा पुढेच पळतोय. हात ताणले गेले, बोटं सुटायला लागली. उंबरा दिसत नव्हता, कारण समोर टीव्ही. आणि उंबऱ्यापलीकडे माझी चार वर्षांची भाची उभी. "मामा, मी पण धरू?"

नाना कधी उठले ते मला दिसलंच नाही. त्यांनी वाकून खालून दोन्ही हात दिले, टीव्ही पेलला, आणि आम्ही दोघांनी तो कसाबसा पोत्यावर टेकवला. भाची वाचली, टीव्ही वाचला. नाना मात्र सरळ होईनात. भिंत धरून खाली बसले आणि पहिलं वाक्य काय बोलले माहितीये?

"कामून उलटा धरलास रे? काच आपल्याकडं धरायची असती. सगळं वजन काचंतच असतंय."

सातवी शिकलेल्या माणसानं इंजिनिअरला सांगितलेलं हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. ते बरोबर का आहे, तेच आज समजून घेऊ.

डब्ब्याच्या आत काहीच नसतं, म्हणूनच तो जड

डब्बा टीव्हीचं मुख्य अंग म्हणजे पिक्चर ट्यूब. मूळ कल्पना १८९७ सालची, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राऊन यांची. ही काचेची एक मोठी बंद बाटली समजा. बाटलीचं तोंड म्हणजे मागची बारीक मान. तिथून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो. बाटलीचा बूड म्हणजे आपण बघतो तो पडदा. पडद्याला आतून चमकणारी पावडर लावलेली असते. झोत जिथे आपटतो तिथे उजेड पडतो. मानेभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, ती चुंबकासारखी या झोताला वळवते. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. एवढ्या वेगात तो झोत पडद्यावर ओळी ओढत असतो. झोताला वळून कोपऱ्यापर्यंत जायला अंतर लागतं, म्हणून ते पाठीमागचं कुबड.

आता मुद्दा. या बाटलीत हवा असली तर इलेक्ट्रॉन वाटेतच हवेच्या कणांना धडकून भरकटणार. म्हणून आतली हवा पूर्ण काढून घेतात. आत निर्वात पोकळी.

आणि बाहेर? बाहेर आपली नेहमीची हवा. ती आपल्याला जाणवत नाही, पण दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो एवढा तिचा दाब असतो. आपल्या अंगावर तो जाणवत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब असतो. ट्यूबच्या आत तर काहीच नाही. मग हिशोब करा. २१ इंची पडदा म्हणजे अंदाजे ४१ सेंटिमीटर रुंद आणि ३१ उंच. गुणाकार होतो पावणेतेराशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तुमच्या टीव्हीच्या नुसत्या काचेवर हवा सव्वा टनापेक्षा जास्त जोर लावून बसलेली असते. दोन मारुती ८०० एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढा. दिवसरात्र, टीव्ही बंद असतानासुद्धा.

हा भार सोसायला काच जाड लागते. मागचा नरसाळ्यासारखा भाग गोल असतो. अंड्याच्या टोकाला जसा जोर सहन होतो तसा त्याला होतो, म्हणून तो त्या मानाने पातळ चालतो. पुढचा पडदा मात्र जवळजवळ सपाट. सपाट गोष्ट लवकर वाकते, म्हणून तिथे काच एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड. ट्यूबच्या एकूण काचेतली साधारण दोन तृतीयांश काच एकट्या पुढच्या पडद्यात असते. शिवाय काच फुटलीच तर तुकडे उडू नयेत म्हणून पडद्याच्या कडेनं लोखंडी पट्टा आवळलेला असतो. रंगीत टीव्हीत पडद्यामागे बारीक भोकांचा लोखंडी पत्राही असतो. सगळं वजन पुढेच. मागे प्लास्टिक आणि पोकळी.

म्हणजे नानांचं वाक्य: सगळं वजन काचंतच असतंय.

गंमत बघा, नंतर "फ्लॅट" पडद्याचे डब्बा टीव्ही आले ते दिसायला सडपातळ वाटायचे, पण ते अजून जड. पडदा जेवढा सपाट, तेवढी काच जास्त जाड करावी लागते.

काचेत शिसं कशाला?

जाडीसोबत आणखी एक गोष्ट आहे. इलेक्ट्रॉनचा झोत जोरात पळावा म्हणून रंगीत टीव्हीत २० ते २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब देतात. एवढ्या वेगातले इलेक्ट्रॉन आपटले की थोडे एक्स-रे तयार होतात. हो, दवाखान्यातलेच ते. १९६७ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या रंगीत टीव्हींमधून ते प्रमाणाबाहेर निघत असल्याचं उघड झालं, आणि १९६८ मध्ये तिथे किरणोत्सर्गावर नियंत्रणाचा कायदाच आला. "टीव्ही जवळून बघू नको" असं आई ओरडायची, त्याला कुठेतरी हा इतिहास आहे.

हे किरण अडवायला जड धातू लागतात. म्हणून मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिसं घालतात. वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास शिशाचा ऑक्साइड! पुढच्या पडद्यात शिसं घातलं तर काच हळूहळू तपकिरी पडते, म्हणून तिथे बेरियम आणि स्ट्राँशियम. तेही जडच.

म्हणजे दोन कारणं झाली. हवा आत घुसू नये म्हणून जाडी, आणि किरण बाहेर येऊ नयेत म्हणून जड धातू. डब्बा टीव्हीचं वजन म्हणजे कुणाच्या ढिसाळ डिझाइनचा दोष नाही. समोर मांडी घालून बसलेल्या पोरांना सुरक्षित ठेवायची ती किंमत होती.

मोठा टीव्ही म्हणजे किती जड?

१४ इंची टीव्ही दहा-बारा किलोचा. २१ इंची वीस ते पंचवीस किलोचा. २९ इंची फ्लॅट असेल तर चाळीस-पंचेचाळीस किलो सहज. पडदा मोठा झाला की काच लांब-रुंद तर होतेच, पण जाडही होते, म्हणून वजन झपाट्यानं वाढतं.

याचं टोक बघायचं तर जपानला जावं लागेल. सोनीनं १९८९ मध्ये ४३ इंची डब्बा टीव्ही काढला. वजन दोनशे किलोच्या आसपास. १४ इंचीच्या तिप्पट मोठा, पण वजन सतरा-अठरा पट! असा एक नग ओसाकामध्ये एका सोबा नूडल्सच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर पडून होता आणि ती इमारत पाडायची होती. जुन्या टीव्हींच्या एका अमेरिकन शौकिनानं माणसं जमवून तो जिन्यावरून खाली उतरवला, अमेरिकेत नेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा व्हिडिओ टाकला. मी तो बघत होतो आणि मला आमचं माळवद, आमचा उंबरा आठवत होता. घर पाडायचंय आणि टीव्ही हलवायचाय. ओसाका काय अन् पोखर्णी काय.

तर मग उचलायचा कसा?

हे नीट ऐका. दिवाळीत कुणाला तरी उपयोगी पडेल.

एक. आदल्या दिवशीच प्लग काढून ठेवा. ट्यूबला आतून आणि बाहेरून काळा लेप असतो आणि मधे काच. म्हणजे तो एक मोठा कपॅसिटर झाला. टीव्ही बंद केल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. म्हणून मागचं झाकण उघडायचंच नाही. ते काम टीव्ही मेकॅनिकचं.

दोन. आधी वाट मोकळी करा, मग टीव्हीला हात लावा. चपला, पायपुसणी, लेकरं, सगळं बाजूला. टीव्ही हातात आला की तुम्हाला तुमचे पाय दिसत नाहीत. उंबरा कुठे आहे ते सांगायला एक माणूस पुढे ठेवा.

तीन. काच छातीकडे. जड बाजू अंगाला जेवढी चिकटून, तेवढा कमरेवरचा ताण कमी. तीच बाजू एक फूट लांब गेली की तेवढंच वजन कमरेला कितीतरी जास्त वाटतं. विहिरीतली बादली हात लांब करून धरून बघा, समजेल.

चार. कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. दोघं असाल तर डाव्या-उजव्या बाजूला उभे राहा आणि प्रत्येकाचा एक हात पडद्याच्या खालच्या कडेला असू द्या. मागच्या प्लास्टिकला धरून ओढू नका. २१ इंचीच्या वरचा टीव्ही एकट्यानं उचलूच नका. आणि २१ इंचीसुद्धा... माझी गोष्ट ऐकलीच तुम्ही.

पाच. गाडीत नेताना जाड गादी किंवा रजई टाकून काच खाली करून ठेवा. जड बाजू खाली असली की तो वळणावर कलंडत नाही. मान खाली आणि काच वर असा मात्र कधीच नाही. मान हा सगळ्यात नाजूक भाग.

सहा. नव्या जागी उंच कपाटावर किंवा ड्रॉवरच्या फळीवर ठेवू नका. वजन पुढे असल्यानं लेकरानं खालचा ड्रॉवर ओढला किंवा वर चढायला गेलं की टीव्ही थेट अंगावर येतो. बुटका, रुंद स्टँडच बरा.

आणि नको असेल तर?

आता खरी अडचण. दोन दिवसांनी गल्लीत भंगारवाला आला. माझ्याच वयाचा पोरगा. टीव्ही बघून म्हणाला, "दीडशे देतो." मी विचारलं, "याचं करतो काय?" तर म्हणाला, "इथंच फोडतो, भाऊ. तांबं अन् लोखंड घेतो. काच टाकून देतो. काच कोण घेतंय?"

आई म्हणाली, "दे बाबा, जागा अडलीय." नाना आतून, झोपल्या जागेवरून म्हणाले, "द्या देऊन."

मी नाही म्हटलं. कारण तो हातोडा कुठे मारणार हे मला माहीत होतं. सव्वा टन दाबाखालची काच फोडली की तुकडे आधी आत ओढले जातात आणि मग बाहेर उडतात. त्याच्या हातात मोजे नव्हते, डोळ्यांवर चष्मा नव्हता. मनगटावर कापल्याचा जुना वण होता. म्हणाला, "रोज फोडतो, काय नाही होत." शिवाय पडद्याच्या आतली पावडर श्वासात जाते. आणि शिशाची काच नाल्यात किंवा बांधावर पडली, की पावसापाण्यात त्यातलं शिसं हळूहळू मातीत उतरू शकतं. बांध आमचाच, विहीरही आमचीच.

"काच कोण घेतंय" हे त्याचं म्हणणं मात्र खरं होतं, आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे. एकेकाळी ही काच लोक घ्यायचे. जुन्या ट्यूबची काच वितळवून नवी ट्यूब बनायची. आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता. त्याच समूहाचा ट्यूबच्या काचेचा कारखाना गुजरातेत भरूचला. २००५ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदाही विकत घेतला. अमेरिकेतली जुनी काचसुद्धा वितळवायला इकडे यायची. पण एलसीडी-एलईडी आले, नव्या ट्यूब बनणं थांबलं, आणि जुन्या काचेचं गिऱ्हाईकच संपलं. जगभर या काचेचे ढीग साचले. जोवर जुन्यातून नवं बनत होतं तोवर भंगारालाही किंमत होती. नवं थांबलं आणि जुनं ओझं झालं.

आपल्याकडे कायदा आहे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात टीव्ही येतो, आणि जुन्या मालाचा शास्त्रशुद्ध निपटारा नोंदणीकृत रिसायकलरकडून करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर नोंदणीकृत रिसायकलर कोण ते बघता येतं. नवा टीव्ही घेताना दुकानदाराला एक्स्चेंजचं विचारा आणि जुना पुढे कुठे जातो तेही विचारा. मोठ्या शहरांत सोसायट्यांमधून ई-कचरा गोळा करतात. पण गावात? पोखर्णीत घंटागाडीवाल्याला ई-कचरा म्हटलं तर तो माझ्याकडे बघत राहील.

शेवटी मी काय केलं? भंगारवाल्याला जुनं लोखंडी कपाट आणि पत्रे दिले, त्याचा धंदा झाला. टीव्ही रजईत गुंडाळला, मित्राच्या गाडीच्या मागच्या सीटवर काच खाली करून ठेवला आणि पुण्याला आणला. पुढच्या महिन्यात सोसायटीत ई-कचरा गोळा करायला आले तेव्हा दिला. तो घ्यायला दोन जण आले होते. मी सांगायच्या आधीच एकानं काच छातीला लावली.

हे सांगून मी फार मोठा पराक्रम केला असं मला म्हणायचं नाहीये. एका टीव्हीनं काय होतं? आणि सगळ्यांकडे पुण्याला जाणारी गाडी नसते. तालुक्याच्या गावात महिन्यातून एक दिवस तरी हे गोळा व्हायला हवं. ग्रामसभेत हा विषय मांडायला काही पैसे लागत नाहीत, मी येत्या सभेत मांडणार आहे. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. जड वस्तू आपण दाराबाहेर ठेवली म्हणून तिचं वजन संपत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या हातात जातं. कधी वडिलांच्या कमरेवर, कधी भंगारवाल्या पोराच्या मनगटावर, कधी विहिरीच्या पाण्यात.

नाना आता बरे आहेत. पट्टा आहेच. नव्या घरात भिंतीवर ४३ इंची एलईडी लावला, वजन दहा किलोच्या आत. लावताना नानांनी तो एका हातानं तोलून बघितला आणि म्हणाले, "ह्याच्यात काहीच नाही की रे." मी म्हटलं, "नाना, काहीच नसायचं ते त्या जुन्यात!" त्यांना जोक कळला नाही. तुम्हाला कळला असेल तर हा भाग नीट ऐकलात असं समजतो.

तुमच्या घरी डब्बा टीव्ही अजून आहे का? कुठे पडलाय, आणला कसा होता, उचलताना काय गंमत किंवा फजिती झाली, व्हॉइस नोट पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवू. आणि या दिवाळीत माळा साफ करणार असाल तर हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. निदान काच कुठल्या बाजूला धरायची एवढं तरी सगळ्यांना कळू द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर कमरेची काळजी घ्या!